आज मॅच कुठे लागलीय?

साडेनऊला दहा मिनिटं कमी होती आणि बेबीला मॅच सापडत नव्हती.

बेबी म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची बाई. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढल्यामुळे इमारतीत तिला ऑपरेटर मावशी म्हणत. लेक आई म्हणायची. बेबी म्हणणारा आता जगात एकच माणूस उरला होता, तिचा थोरला भाऊ. पण स्वतःशी बोलताना तीही स्वतःला बेबीच म्हणायची. "बेबी, चष्मा कुठे ठेवलास? बेबी बाई, रिमोट उलटा धरलायस."

परदेशातल्या कसोटीचा पहिला दिवस होता. मागच्या महिन्यात घरच्या मैदानावरची मालिका निळ्या ॲपवर होती, म्हणून तिने आधी निळं उघडलं. तिथे सिनेमाची जाहिरात. जांभळ्यावर बायकांची लीग, तीही कालची. पिवळ्यावर मॅचचं नाव मोठ्या अक्षरात दिसलं म्हणून ती हरखली, तर आत नुसता धावफलक. चित्र नाही, आवाज नाही. राहिलं बाणाचं चिन्ह असलेलं चौथं. ते म्हणालं, आपल्या मोबाइलवर आलेले सहा आकडे भरा. मोबाइल म्हणजे लेकीचा, आणि लेक दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासत बसलेली.

"आई, आत्ता? माझ्या हातात मोजे आहेत."

"मग कोपराने उघड."

"थांब जरा. हं, लिही. चार, शून्य, नऊ..."

बेबीने एकेक आकडा शोधून दाबला. ॲप म्हणालं, मुदत संपली.

"एवढ्यात मुदत संपली? दूधसुद्धा इतक्या लवकर नासत नाही गं!"

दुसऱ्या खेपेला आकडे लागले. चित्र आलं तेव्हा आपला सलामीचा फलंदाज मान खाली घालून तंबूत परतत होता. तो कसा बाद झाला हे दाखवायच्या आत जाहिरात आली. बेबीने रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "गेला बिचारा, आणि मला तोंडसुद्धा न दाखवता गेला."

क्रिकेटचं हे वेड तिला दादामुळे लागलं होतं. वडील घड्याळं दुरुस्त करत. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आलं की पोरांनी बाहेर पायरीवर बसायचं. पण फळीवर एक रेडिओ होता. वडिलांना खेळातलं ओ की ठो कळत नसे, तरी कसोटी असली की ते रेडिओ लावून देत. एका डोळ्याला भिंग लावून त्यांचं काम चाले, आणि पायरीवर दादा आणि बेबी कान टवकारून बसत. दादा पाच वर्षांनी मोठा. स्लिप म्हणजे काय, गली म्हणजे काय, हे त्याने तिला पायरीवर खडूने मैदान काढून शिकवलं. मुलींना मैदानावर कोण घेतंय! तिने आयुष्यात एकदाही बॅट हातात धरली नाही. पण चेंडू कुठे पडला की फलंदाज कुठे मारणार, हे तिला बालपणीच पाठ झालं होतं. एक रेडिओ, एक स्टेशन, एकच मॅच. कुठे लागलीय, हा प्रश्नच कधी कुणाला पडला नाही.

पुढे दादा धरणावर नोकरीला लागला, दारं उघडायच्या-बंद करायच्या खोलीत. धरण डोंगराच्या कुशीत. तिथे रेडिओ नुसता खरखरायचा. दादाने काठीला तार बांधून पाहिली, छपरावर चढून पाहिलं, डोंगर काही हलला नाही. मात्र तिथे टेलिफोन होता. रोज दुपारी बारा आणि चार वाजता पाण्याची पातळी मुख्य कचेरीला कळवायची, असा नियम. आणि तो फोन जायचा बेबीच्या एक्स्चेंजमधून.

बेबी तोवर तिथे रुळली होती. बारा मुली एका ओळीत उंच स्टुलांवर बसलेल्या, कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची पाटी. एक दोरी काढायची, दुसरी खोचायची. मागच्या विश्रांतीच्या खोलीत कुणीतरी आणलेला ट्रान्झिस्टर असे. सुट्टीवरून परतणारी मुलगी जागेवर बसताना स्कोअर पुटपुटे आणि तो ओळीतून सरकत सरकत बेबीपर्यंत येई. कामाशिवाय बोलायला सक्त बंदी होती. म्हणून दादा-बेबीने एक युक्ती काढली. धावा म्हणजे पाणी आणि विकेट म्हणजे दारं.

"धरणावरून बोलतोय. कचेरी जोडा."

"जोडते. पाणी दोनशे बारा, दारं पाच."

"बरं," दादा म्हणायचा, आणि त्या एका 'बरं'वरून तिला कळायचं, तो खूश आहे की हिरमुसलाय.

दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. मग बदली होऊन नव्या सुपरवायझर बाई आल्या. कडक, प्रामाणिक, आणि कुठल्याही ओळीवर मधूनच कान देणाऱ्या. ऐन उन्हाळ्यातली गोष्ट. आपला डाव पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळत होता. दादाचा चारचा फोन आला आणि बेबीच्या तोंडून काकुळतीने निघालं, "पाणी एकशे अडतीस, दारं आठ! उरलेली दोन पण आता उघडतील रे, काही खरं नाही!"

सुपरवायझर बाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांचं माहेर नदीकाठचं, लहानपणी त्यांनी पूर पाहिलेला. त्यांनी कुणाला न विचारता कचेरीला कळवलं, पोलिसांना कळवलं, खालच्या अंगाच्या दोन गावांना कळवलं. अर्ध्या तासात शाळा सुटली. नदीवर धोब्यांनी ओले कपडे गोळा करून टेकडी गाठली. एका म्हाताऱ्याने शेळी खांद्यावर घेतली. आणि नदीत पाणी घोट्याएवढं.

मोठे इंजिनियर जीपने धरणावर पोचले तेव्हा दादा चहा पीत होता.

"आठ दारं कुणी उघडली?"

"आठ? साहेब, आपल्याकडे सहाच आहेत."

दुसऱ्या दिवशी दोघं बहीणभाऊ कचेरीत मान खाली घालून उभे राहिले. बेबीने सगळं खरं सांगितलं. पाणी म्हणजे काय, दारं म्हणजे काय. इंजिनियरांनी टेबलावरचा कागद बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाले, "मग नववं दार कितीवर उघडलं?"

"एकशे चाळीसवर साहेब," बेबी म्हणाली. "पायचीत. पण बॉल बाहेर जात होता."

साहेबांना हसू आलं तरी शिक्षा टळली नाही. दोघांच्याही नोकरीच्या पुस्तकात ठपका लागला, आणि बेबीला तीन महिने चौकशी विभागात बसवलं. तिथे तर दर दुसरा माणूस नंबर विचारून झाला की दबक्या आवाजात म्हणायचा, "ताई, स्कोअर काय झाला?" बेबी आधी डावीकडे बघायची, मग उजवीकडे, आणि सांगून टाकायची. सुपरवायझर बाईंना ते दिसत नसेल असं नाही. पण त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. स्वतःच्या निवृत्तीच्या दिवशी बेबीचा हात धरून एवढंच म्हणाल्या, "त्या शेळीवाल्याची मी नंतर माफी मागितली होती बरं का."

यथावकाश सगळं बदललं. एक्स्चेंजच्या पाट्या भंगारात गेल्या, बेबीचं लग्न झालं, लेक झाली, नवरा गेला. दादा धरणाच्या पायथ्याच्या गावातच घर बांधून राहिला. त्याला मूलबाळ नव्हतं. तीन वर्षांपूर्वी वहिनी गेली तेव्हा बेबीने त्याला हजारदा विनवलं, माझ्याकडे ये.

"एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई," दादा म्हणायचा. "मला माझी अक्कल अजून लागते."

म्हणून मग मॅचच्या दिवशी दोघं फोनवर असत. ती इथे टीव्हीसमोर, तो तिथे टीव्हीसमोर, दोघांचे फोन कानाला. लेकीने सगळ्या ॲपवर एकेक खातं उघडून दिलं होतं आणि तेच दादाच्या टीव्हीवरही जोडून दिलं होतं. कोणती मॅच कुठे, ते बेबी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवायची. घरची मालिका निळं. बाहेरचा दौरा आधी पिवळं, ते खोडून बाण. विश्वचषक जांभळं, पण उपांत्य फेरीपासून निळं. त्यातलं काही ना काही दर दोन महिन्यांनी खोडावं लागे. इमारतीतले लोकही आताशा जिन्यात तिला थांबवून विचारत, "मावशी, आज कुठे लागलीय हो?" आणि बेबी कॅलेंडर न बघता सांगायची.

पण एक भानगड होती. बेबीकडे तारेचं इंटरनेट, दादाकडे मोबाइलचं. त्याचं चित्र पाऊण मिनिट मागे.

"गेला!" बेबी ओरडायची.

"कोण गेला? अगं, अजून त्याने बॉल टाकलेला नाही!"

"टाकला. झेल. दुसऱ्या स्लिपमध्ये."

"बेबी, तू माझी मॅच खातेस." दादा खरोखर रागवायचा. "ऐंशी वर्षांच्या माणसाला पुढे काय होणार ते आधी सांगू नये."

"एकोणऐंशी."

"पुढच्या महिन्यात ऐंशी."

तेव्हापासून बेबीने नियम केला. काही घडलं की तोंडावर हात दाबायचा आणि मनात पंचेचाळीस आकडे मोजायचे. विकेट पडायची, ती पदर तोंडात धरून मोजत बसायची, आणि चाळिसाच्या आसपास फोनमधून दादाचा आवाज यायचा, "अरे अरे अरे! गेला! पाहिलंस का बेबी?"

"आं? कोण? कसा गेला?" बेबी विचारायची, आणि तो तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचा. तिला त्यात जास्त मजा येऊ लागली होती.

तर त्या दिवशी, सलामीचा फलंदाज तोंड न दाखवता गेला त्या सकाळी, दादाचा फोनच आला नाही. तिने लावला तर म्हणाला, "जरा डोकं जड आहे. तू बघ." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "झोप लागून गेली." तिसऱ्या दिवशी फोन उचललाच नाही. चौथ्या दिवशी सकाळी उचलला तेव्हा मागे कात्रीचा आवाज आणि कुणाचं तरी खोकणं ऐकू आलं.

"दादा, कुठे आहेस तू?"

"न्हाव्याकडे."

"परवा पण तू न्हाव्याकडे होतास. तुझ्या शेजारीणबाईंनी सांगितलं मला."

दादा म्हणाला, "त्याच्याकडे टीव्ही आहे. त्याने बाणवालं घेतलंय. नुसतं बसून कसं बघणार? म्हणून दाढी करतो. चार दिवसांत चौथी. आता गालावर नुसतं सालपट उरलंय. काल तो म्हणाला, काका, आता काढायला काही नाही, मिशी काढू का?"

"आणि घरच्या टीव्हीला काय झालं?"

"काही नाही. तुमचं ते ॲप म्हणतंय, हे खातं एकाच घरासाठी आहे. तुम्ही या घरातले नाही." तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "खरंच आहे म्हणा. त्याचं काय चुकलं?"

"मला सांगायला काय झालं होतं? लेकीने दुसरं खातं काढून दिलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

बेबीने फोन ठेवला. समोर मॅच चालू होती, आपली जोडी चांगली जमली होती, शतकाची भागीदारी व्हायला अकरा धावा हव्या होत्या. तिने टीव्ही बंद केला. चालू मॅच तिने आयुष्यात पहिल्यांदाच बंद केली. लेकीला चिठ्ठी लिहिली, पिशवीत एक साडी टाकली आणि बसस्टँड गाठला.

साडेतीन तासांनी ती दादाच्या दारात उभी राहिली. दादाने दार उघडलं. गाल खरंच लालबुंद झाले होते. मिशी जागेवर होती, हे पाहून तिला बरं वाटलं.

"तू? आणि मॅच?"

"जाऊ दे खड्ड्यात. आत घेशील की नाही?"

घर स्वच्छ होतं. जास्तच स्वच्छ, वापर नसलेलं घर असतं तसं. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक पेला उपडा घातलेला. टीव्हीसमोर मात्र दोन खुर्च्या. एकीची गादी बसून बसून खोल गेलेली, दुसरीवर अर्धवट विणलेला राखाडी स्वेटर, सुया त्यातच अडकवलेल्या.

बेबीने तिकडे बघितलेलं दादाने पाहिलं.

"तिला मॅचमधलं काही कळायचं नाही," तो म्हणाला. "विणत बसायची. मी ओरडलो तरी मान वर करायची नाही. पण विकेट पडली की सुया थांबायच्या. क्षणभर. मग पुन्हा सुरू." त्याने खुर्चीची पाठ उगाच हाताने पुसली. "मला टीव्हीचं एवढं काही नाही गं, बेबी. न्हाव्याकडे कुणीतरी 'अरेरे' म्हणतं. तेवढ्यासाठी जायचो."

बेबी स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला, दोन कप शोधून धुतले. चहा घेऊन आली तेव्हा तिचा आवाज ताळ्यावर आला होता.

"दादा, ते ॲप काय म्हणालं? एकाच घरासाठी?"

"हो."

"मग एकाच घरात बसून बघू. त्याचं पण समाधान, आपलं पण."

"ती पाहुण्याची म्हण..."

"पाहुणा कोण? तू मला खडूने मैदान काढून दिलंस, तेव्हा मी तुझ्या पायरीवर पाहुणी होते का? आणि अक्कल जायची भीती वाटत असेल तर सांगते, चार दिवसांत चार दाढ्या करणाऱ्याकडे ती उरलेली नाही."

दादा हसला. या वेळी नीट हसला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "फक्त पुढची कसोटी. ती संपली की मी परत."

"बरं," बेबी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने एक पिशवी भरली. दोन सदरे, औषधांचा डबा, वहिनीचा फोटो. कुलूप लावून झाल्यावर परत आत गेला आणि तो अर्धा स्वेटर सुयांसकट घेऊन आला. बेबीने त्याच्या हातातली पिशवी घेतली. बसमध्ये त्याने तो मांडीवर धरला होता, आणि मधल्या थांब्यावर एका तरुण मुलीने मोबाइलवर बघून सांगितलं की कालच्या धावसंख्येवर आज फक्त चाळीसची भर पडली आणि आपला डाव संपला. दोघंही एकदम "अरेरे" म्हणाले. मुलगी दचकली.

पुढची पाच दिवसांची कसोटी चौथ्याच दिवशी संपली. दादाने पिशवी भरायला घेतली तेव्हा लेक म्हणाली, "मामा, शनिवारपासून एकदिवसीय सामने आहेत, ते झाल्यावर जा. आणि ते या वेळी जांभळ्यावर आहेत, आईला त्याचा पासवर्ड लक्षात राहत नाही." दादाने पिशवी रिकामी केली. त्यानंतर घरची मालिका लागली. मग विश्वचषक. वेळापत्रकात मोकळा आठवडा म्हणून उरलाच नाही, आणि परत जायचा विषय निघेनासा झाला. स्वेटर लेकीने हातात घेतला. तिला विणायला येत नव्हतं, ती मोबाइलवर बघून शिकली. एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब झाली.

भांडणं होतात. दादाला आवाज मोठा लागतो, बेबीला समालोचकांची बडबड सहन होत नाही. तो तिला अजून स्लिपमधला क्षेत्ररक्षक कुठे हवा ते शिकवतो. ती म्हणते, मला माहीत आहे, चौसष्ट वर्षांपासून माहीत आहे. रिमोट कुणाकडे, यावरून एकदा दोघं दोन तास बोलले नाहीत. पंचेचाळीस मोजायची गरज मात्र उरली नाही.

परवा दुपारची गोष्ट. मॅच ऐन रंगात आली आणि पडद्यावर ते पांढरं चाक फिरू लागलं. दादाने रिमोट आपटून पाहिला. बेबीने मागची वायर हलवून पाहिली. चाक फिरतच राहिलं.

"असू दे, येईल," बेबी म्हणाली.

वाट बघता बघता दादा सांगू लागला, वडिलांना खेळ कळत नव्हता हे खरं नाही. एकदा रात्री जेवताना ते त्याला हळूच म्हणाले होते, तुझी बहीण मुलगा असती तर लेग स्पिन टाकली असती तिने, मनगट बघ तिचं. बेबीला हे कधीच माहीत नव्हतं. तिने आपलं मनगट पाहिलं. सुरकुतलेलं, दोन बांगड्यांचं. "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "तेव्हा वाटलं, तू शेफारशील," दादा म्हणाला. मग त्यांनी दादाच्या पायमोज्यांचा गोळा केला, आणि चेंडू बोटांत कसा धरायचा ते तो तिला दाखवू लागला. असा नाही, हे बोट इथे, हं, आता मनगट फिरव.

लेक लॅबमधून आली आणि दारातच थबकली. टीव्हीवर मॅच केव्हाच सुरू झाली होती.

"किती झाले?" तिने विचारलं.

दोघांनी पडद्याकडे पाहिलं. मैदानात भलतेच दोन फलंदाज उभे होते. मधल्या वेळात कोण गेलं, किती गेले, दोघांपैकी एकालाही सांगता येईना.